छेद कुठाय? सेंटरच्या सीझनवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की बास्केटबॉलमधल्या सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच माणसाचा, सीझन नुसत्या पॉइंट आणि रिबाउंडवर (हुकलेल्या शॉटचे उचललेले बॉल) मोजायचे दिवस गेले, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की या वेळी कबड्डी, कॅरम सगळं बाजूला ठेवून फक्त सेंटरच घेतोय. सगळ्यांना जागा देता आली नाही, राग मानू नका. आणि 'रत्नागिरीत बसून एनबीए, ती अमेरिकेतली लीग, बघता तरी कधी' असं तिघांनी विचारलंय, तर सकाळी, दूध तापवता तापवता. डेन्व्हरची घरची मॅच आपल्याकडे साडेसहा-साडेसातला सुरू होते, लवकर उठणाऱ्या माणसाला एकदम सोयीचं, फक्त चौथ्या क्वार्टरला दूध उतू जातं.

प्रश्न : आमच्या घरात तीन पार्ट्या झाल्यात. मी योकिचवाला, डेन्व्हरचा सेंटर तो. दादा म्हणतो योकिच एवढाच भारी होता तर २०२४-२५ ची एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, ओक्लाहोमाच्या शे गिल्जस-अलेक्झांडरला का दिली. आणि बाबा दोघांनाही गप्प करतात, म्हणतात १९६२ साली विल्ट चेंबरलेन मॅचला ५० पॉइंट काढायचा, त्याच्यापुढे हे सगळे चिल्लर. सेंटरचा सगळ्यात भारी सीझन कुठला ते एकदाचं सांगून टाका, रोज जेवताना भांडण होतं. (कॉलेजातला एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बाबांपासून सुरू करू, वयाचा मान म्हणून. त्यांचा आकडा शंभर टक्के खरा आहे. १९६१-६२ ला चेंबरलेनने ८० मॅचमध्ये ४०२९ पॉइंट काढले, सरासरी ५०.४, वर मॅचला २५.७ रिबाउंड. पण शाळेत अपूर्णांक शिकवताना बाई काय सांगायच्या, अंश वर आणि छेद खाली, छेद झाकून नुसता अंश दाखवला तर काहीच कळत नाही. तर या पन्नासच्या खाली काय दडलंय ते बघ. पहिला छेद मिनिटांचा. मॅच ४८ मिनिटांची आणि हा पठ्ठ्या सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, म्हणजे बाकावर जवळजवळ बसलाच नाही आणि ओव्हरटाइम झाला तर तोही खेळला. दुसरा छेद शॉटचा. ३१५९ शॉट मारले, त्यातले १५९७ पडले. १३६३ फ्री थ्रो (फाउलमुळे मिळणारे, कोणी न अडवता मारायचे एकेका पॉइंटचे शॉट) मिळाले, त्यातले ८३५.

हे शॉटचं का महत्त्वाचं ते मला पुस्तकातून नाही, मिरकरवाड्याच्या जेटीवर कळलं. मध्ये एकदा मासे घ्यायला गेलो होतो, दोन बोटी लागलेल्या, एकीचा ढीग हा एवढा मोठा, सगळी गर्दी तिकडे, पण तिचा तांडेल तोंड पाडून बसलेला, कारण पाच दिवस बाहेर होते आणि डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन वजा जाता हातात काय उरणार हा हिशोब त्याने केव्हाच मनात केलेला. दुसरी बोट पहाटे जाऊन परत आलेली, टोपल्या मोजून नऊ, पण निम्म्याहून जास्त सुरमई, आणि तिथला माणूस शीळ घालत होता. शॉट म्हणजे टीमचं डिझेल आहे रे. किती पॉइंट आणले हे झालं अर्धं, कितीचं डिझेल जाळून आणले ते पुढचं अर्धं.

यासाठी जो आकडा वापरतात त्याला ट्रू शूटिंग म्हणतात, थोडक्यात टीएस. एकूण शॉटमध्ये फ्री थ्रोची ०.४४ पट मिळवायची, आलेल्या बेरजेची दुप्पट करायची आणि पॉइंटना तिने भागायचं. ०.४४ का, निम्मं का नाही, कारण सगळेच फ्री थ्रो जोडीने मिळत नाहीत, बास्केट पडूनही फाउल झाला की एकच मिळतो, वर्तनासाठीच्या टेक्निकल फाउलचा एक, थ्रीवर, म्हणजे तीन पॉइंटच्या लांबच्या शॉटवर, फाउल झाला तर तीन, सगळं धरून सरासरी तिथे येऊन बसते. आता वही काढ. चेंबरलेनच्या १३६३ फ्री थ्रोची ०.४४ पट म्हणजे साधारण ६००, अधिक ३१५९, झाले ३७५९, दुप्पट ७५१८ च्या आसपास, आणि ४०२९ ला त्याने भाग, ५३.६ टक्के. आता तुझा योकिच, २०२१-२२ चा. ७४ मॅच, २००४ पॉइंट, १३११ शॉट, ४६८ फ्री थ्रो. तसंच गणित केलंस की ६६.१ येतात. म्हणजे चेंबरलेनच्या एका संधीमागे टीमला साधारण १.०७ पॉइंट मिळायचे आणि योकिचच्या संधीमागे १.३२.

लगेच बाबांच्या अंगावर जाऊ नकोस मात्र, कारण या आकड्यालाही एक छेद आहे, तो म्हणजे तो काळ. तेव्हा अख्ख्या लीगचेच १०० पैकी ४३ शॉट पण पडत नव्हते आणि चेंबरलेनचे ५०.६ पडायचे. लीगचा टीएस तेव्हा साधारण ४८ होता, योकिचच्या वेळी ५६-५७. म्हणजे आपापल्या काळातल्या लोकांपेक्षा दोघंही बरेच वर, फक्त योकिच जास्त वर. रिबाउंडचंही तेच. तेव्हा एकेक टीम मॅचला शंभरावर शॉट मारायची आणि त्यातले निम्म्याहून जास्त हुकायचे, आता ९० च्या आसपास मारतात आणि पडतात जास्त, म्हणजे उचलायला बॉलच कमी. नदीला मासे जास्त असताना पंचवीस पकडले आणि आटल्यावर तेरा पकडले यात कोण मोठा हे नुसतं मोजून नाही सांगता येत. म्हणून रिबाउंड टक्केवारी बघायची, तो कोर्टवर असताना जेवढे रिबाउंड होते त्यातले कितवा हिस्सा त्याने घेतले.

गंमत म्हणजे त्याच १९६२ ला ५० पॉइंटवाल्याला एमव्हीपी मिळालीच नाही. ती गेली बिल रसेलला, १८.९ पॉइंटवाल्या सेंटरला, आणि तेव्हा मतं खेळाडू स्वतः द्यायचे. बॉस्टन ६० मॅच जिंकली होती, चेंबरलेनची फिलाडेल्फिया ४९. त्यामुळे दादालाही तेच उत्तर. २०२४-२५ ला योकिचने २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट (दुसऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास) काढले, अख्ख्या सीझनची सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्हींत दोन आकडी, असलेला तो पहिला सेंटर, टीएस ६६.३, आणि तरी पहिल्या क्रमांकाची मतं गिल्जस-अलेक्झांडरला ७१ आणि त्याला २९. कारण ओक्लाहोमा ६८ मॅच जिंकली, डेन्व्हर ५०, आणि शे लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट काढणारा. मत देणारा माणूस टीमचे विजय बघतोच, ६२ लाही बघत होता. मला स्वतःला त्यात काही अन्याय वाटत नाही, आणि योकिचचा सीझन त्याने काही कमी होत नाही.

आणि सगळ्यात भारी सीझन विचारशील तर माझं मत २०२१-२२ चा योकिच. जमाल मरे गुडघ्यामुळे वर्षभर बाहेर, मायकल पोर्टर ज्युनियर फक्त ९ मॅच खेळलेला, म्हणजे समोरची टीम सगळी माणसं घेऊन याच्यावरच उभी, आणि तरी ६६.१. एका सीझनमध्ये २००० पॉइंट, १००० रिबाउंड आणि ५०० असिस्ट तेव्हा पहिल्यांदा झाले. प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्या राउंडला वॉरियर्सकडून हरले ते सोड. बाबांना सांगा, मान राखूनच बोललोय.

प्रश्न : मी गणिताची शिक्षिका. मुलं वर्गात पीईआर पीईआर (खेळाडूच्या सगळ्या आकड्यांचा मिळून एक आकडा) करत असतात, ज्याचा जास्त तो पहिला, असं. हे फायनल मार्क समजायचे का? (दापोली)

उत्तर : नाही हो मॅडम, ते फार तर युनिट टेस्टचे मार्क. जॉन हॉलिंजर यांनी बनवलेला आकडा, लीगची सरासरी दर वर्षी मुद्दाम १५ वर आणून ठेवतात, मिनिटांचा आणि खेळाच्या वेगाचा छेद त्यात आधीच घातलेला आहे, तेवढं चांगलं. पण स्कोअरशीटवर जे लिहिलं जातं तेवढंच त्याला दिसतं, आणि सेंटर हा प्राणी स्कोअरशीटवर रिबाउंड, ब्लॉक (समोरच्याचा हवेतच अडवलेला शॉट) आणि रिमजवळच्या, म्हणजे कड्याजवळच्या, सोप्या बास्केट यांनी आपोआप भरून जातो. बचावात माणूस झोपला होता का हे पीईआरला कळत नाही. डॅनियल मायर्स यांचा बीपीएम हा आकडा त्यातल्या त्यात शहाणा, दर १०० पझेशनमागे (बॉल टीमच्या ताब्यात असल्याची एक खेप म्हणजे एक पझेशन) हा माणूस सरासरी खेळाडूपेक्षा किती पॉइंटचा फरक पाडतो याचा अंदाज, शून्य म्हणजे सरासरी, उणे २ म्हणजे बाकावरून कोणीही उचलून आणावा असा. त्यातही मूळ कच्चा माल स्कोअरशीटचाच, त्यामुळे बचावाच्या बाबतीत त्याच्यावरही अर्धाच विश्वास ठेवायचा.

अजून एक मुलांना दाखवा. २०१४-१५ ला डीआंद्रे जॉर्डनचे ७१ टक्के शॉट पडले. ऐकायला काय भारी. पण ते जवळजवळ सगळे डंक आणि रिमपाशी टेकवलेले, दुसऱ्याने ताटात वाढलेले, आणि फ्री थ्रो ३९.७ टक्के. मॅचला ११.५ पॉइंट. चांगलाच सेंटर होता, वाईट म्हणत नाही मी, पण त्याचे ७१ आणि योकिचचे ५८ एका ओळीत ठेवून मोठा-लहानचं चिन्ह टाकलं तर चिन्ह बरोबर आणि उत्तर चूक. टीमचे किती टक्के पझेशन त्याच्या हातात संपतात, ज्याला युसेज म्हणतात, ते शेजारी लिहायचं. पाच जण आहेत म्हणजे सरासरी वाटा २०. त्याच्या बऱ्याच खाली असलेल्याची टक्केवारी चांगली असणं सोपं जातं.

प्रश्न : माका एक समजना नाय. माझ्या आवडत्या सेंटरान ३० पॉइंट केल्यान, १२ रिबाउंड घेतल्यान, आणि प्लस-मायनस बघतंय तर उणे ९! ह्या कसला गणित? चांगलो खेळान माणूस मायनसात कसो जाता? (मालवण)

उत्तर : काकानू, तुम्ही मालवणचे म्हणजे तुम्हाला रापण सांगायला नको, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, दोराची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढत बसतात तास दोन तास. मी सातवीत असताना मावशीकडे आलो होतो आणि हौसेने दोराला लागलो, तळहात सोलले, आणि त्या दिवशी जाळ्यात तारली एवढी आली की माझ्या पण हातात दोन बांगडे ठेवले वाटा म्हणून. आता प्लस-मायनसला विचाराल तर ते म्हणणार हा पोरगा दोराला होता तेव्हा मासे भरपूर आले, म्हणजे पोरगा भारी. दुसऱ्या दिवशी मी परत लागलो आणि जाळ्यात नुसतं शेवाळ आणि एक चप्पल. पोरगा एकदम बेकार.

प्लस-मायनस एवढंच सांगतं, तो कोर्टवर असताना टीमने किती काढले वजा समोरच्यांनी किती काढले. त्याच्याबरोबर दोराला कोण होते हे नाही सांगत. तुमच्या सेंटरच्या ३० च्या वेळी कदाचित शेजारी बदली गार्ड (बाहेरून बॉल खेळवणारे) होते, कदाचित समोरच्यांचे दहा थ्री त्याच दहा मिनिटांत पडले, ज्यावर रिमजवळ उभ्या असलेल्या सेंटरचं काहीच चालत नाही. एका मॅचचा हा आकडा वाचूच नका, खरंच सांगतो, बीपी वाढतं.

पण अख्ख्या सीझनचा असेल तर त्यात दम येतो. त्यातही लोक ऑन-ऑफ बघतात, तो असताना टीम दर १०० पझेशनला किती पुढे आणि नसताना किती, आणि दोन्हींतली वजाबाकी. इथे छेद म्हणून लपून बसलेला असतो तो बदली सेंटर. तुमच्या जागी येणारा माणूस अगदीच कच्चा असेल तर तुम्ही बाकावर बसलात की टीम बुडते आणि तुमचा आकडा फुगतो. योकिचच्या बाबतीत मी एवढा भक्त असूनही हे कबूल करतो, त्या वर्षांत डेन्व्हरचा बाक कच्चा होता आणि त्याच्या ऑन-ऑफमध्ये थोडी हवा त्याचीही आहे.

शेजाऱ्याने किती फरक पडतो याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण सॅन अँटोनियोच्या वेम्बान्यामाचं. २०२३-२४ चं त्याचं पहिलं वर्ष, सॅन अँटोनियो २२ जिंकली आणि ६० हरली. सुरुवातीला कोचने त्याला झॅक कॉलिन्सच्या शेजारी फॉरवर्ड म्हणून उभा केला आणि पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून जेरेमी सोहानला, जो मुळात पॉइंट गार्ड नाहीच. डिसेंबरमध्ये त्याला सेंटरला आणला, मग जानेवारीपासून ट्रे जोन्ससारखा खरा पॉइंट गार्ड शेजारी आला, आणि माणूस तोच, उंची तीच, पण खेळ बघताना वाटायचं की दुसराच कोणी आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांचा प्लस-मायनस काढून त्याला नापास करणारे लोक होते, मी त्यातला थोडासा होतो, लाज वाटते आता.

यावर उपाय म्हणून जाणकार जे करतात ते असं, अनेक सीझनचं दोराला कोण कधी होतं आणि मासे किती आले हे सगळं एकत्र मांडायचं आणि सगळ्या माणसांचे वाटे एकाच वेळी सोडवायचे, आणि ज्याच्याबद्दल पुरावा कमी त्याला मुद्दाम शून्याच्या जवळ ओढून ठेवायचं. दोन दिवस दोर ओढलेल्या पोराला दोनच बांगडे. तुमच्या रापणकारांना हे गणित न शिकता येतं, कोण नुसता दोराला हात लावून उभा असतो ते त्यांना बरोबर माहिती असतं.

प्रश्न : २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये पेसर्स-किंग्स मॅच झाली ती बघायला आम्ही मांडव्याहून लाँचने गेलो होतो. ओव्हरटाइमला १३२-१३१, अजून अंगावर काटा येतो. तेव्हापासून तेव्हाचा पेसर्सवाला साबोनिस माझा माणूस. २०२३-२४ ला तो सगळ्या ८२ मॅच खेळला, १९.४ पॉइंट, ८.२ असिस्ट, १३.७ रिबाउंड म्हणजे लीगमध्ये पहिला, आणि ऑलस्टारला घेतलाच नाही! (अलिबाग)

उत्तर : पहिल्यांदा तर हेवा वाटला, मी ती मॅच टीव्हीवर बघितली. आणि हो, थोडा अन्याय झालाच, पण त्या वर्षी त्याला ऑल-एनबीए थर्ड टीममध्ये, म्हणजे वर्षाच्या निवडक पंधरांत, घेतलं, आणि सीझनचा निकाल म्हणून बघायचं तर मला तो मान ऑलस्टारपेक्षा मोठा वाटतो, कारण ऑलस्टार फेब्रुवारीत, त्यात सुरुवातीच्या पाचांसाठी निम्मं वजन चाहत्यांच्या मतांना, आणि वेस्टमध्ये गर्दी किती.

पण लोक त्याच्या १३.७ कडे संशयाने का बघतात तेही सांगतो. रिबाउंडमध्ये दोन जाती आहेत. एक, दोन-तीन जण अंगाला अंग लावून असताना घेतलेला, आणि दुसरा, समोरच्या टीमची माणसं आधीच मागे पळालेली असताना हातात येऊन पडलेला. शीटवर दोघांना एकच रेघ. साबोनिस पहिल्या जातीचेही भरपूर घेतो, अंगाने रेडा आहे तो, त्यामुळे माझ्या लेखी तो आकडा पोकळ नाही. त्याचा खरा प्रश्न रिमजवळच्या बचावाचा आहे, हात त्या मानाने आखूड आणि उडी बेताची, त्याच्या अंगावरून शॉट मारताना गार्ड लोकांना फार भीती वाटत नाही, आणि हे कुठल्याच ठळक आकड्यात दिसत नाही म्हणून त्याच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही आपापलं पान दाखवून भांडत बसतात.

उलट बाजूने स्टीव्हन अ‍ॅडम्स बघा. २०१६-१७ ला ओक्लाहोमात वेस्टब्रुकने १०.७ रिबाउंडची सरासरी ठेवून ट्रिपल-डबलचा सीझन केला, आणि सेंटर असलेल्या अ‍ॅडम्सचे ७.७. मॅच बघितलीत तर दिसेल, अ‍ॅडम्स बॉलकडे बघतच नाही, समोरच्या धिप्पाड माणसाला पाठीने रेटत पार बाहेर घेऊन जातो आणि मोकळ्या जागेत वेस्टब्रुक येऊन बॉल उचलतो आणि लगेच पळतो. रिबाउंड वेस्टब्रुकचा, घाम अ‍ॅडम्सचा. सेंटरचा रिबाउंड मोजताना तो असताना टीमला किती टक्के रिबाउंड मिळाले हे आधी बघायचं, त्याचे स्वतःचे नंतर.

प्रश्न : २०२३-२४ ला वेम्बान्यामा मॅचला ३.६ ब्लॉक, मिनेसोटाचा गोबेअर २.१. तरी त्या वर्षी बेस्ट डिफेंडर गोबेअर. डोकं आहे का त्यांना? (गुहागर)

उत्तर : आहे. आमच्या वाडीत एका घराच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, कुत्रा बसलेला असतो. तो किती जणांना चावला हे मोजलंत तर वर्षभरात शून्य. पण पोस्टमनपासून आंबे चोरणाऱ्या पोरांपर्यंत किती जण बेडं बघून मागच्या मागे वळले ते कोणी लिहून ठेवलंय का? गोबेअर तसा आहे. गार्ड वेगात आत येतो, तो उभा दिसतो, दहा फुटांवर ब्रेक मारतो, बॉल बाहेर फेकतो किंवा वेडावाकडा शॉट मारतो. ब्लॉक नाही, स्टील नाही, शीट कोरं. पण मिनेसोटाचा बचाव त्या सीझनला लीगमध्ये पहिला होता आणि त्याच्या मुळाशी हा होता. म्हणून ब्लॉकच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, तो असताना समोरचे रिमपाशी शॉट मारायला किती वेळा जातात, आणि गेले तर किती पडतात.

दुसरं, ब्लॉक करून बॉल चौथ्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिला तर टीव्हीवर भारी दिसतं पण बॉल परत समोरच्यांचाच. रसेल हळूच आपल्या माणसाकडे थोपटायचा. किती केले म्हणून विचारू नका, एनबीएने ब्लॉक मोजायलाच १९७३-७४ पासून सुरुवात केली, रसेल आणि चेंबरलेन दोघांचे सगळे वाऱ्यावर गेले.

आता तुम्ही म्हणणार, मग २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॅलसच्या डॉन्चिचने त्याच गोबेअरच्या तोंडावर थ्री मारून मॅच काढली ती? काढली, १०९-१०८, मीही बघत होतो आणि ओरडलोही. पण रिमचा राखणदार थ्रीच्या रेषेबाहेर एकटा सापडला तो एक शॉट होता, आणि तुम्ही विचारलंय सीझनचं. वेम्बान्यामा त्या वर्षी दुसरा आला आणि पहिल्याच वर्षी ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये गेला, असा नवखा आधी कोणी नव्हता, त्याचंही काही नुकसान झालेलं नाही.

प्रश्न : फिलाडेल्फियाचा सेंटर एम्बीड, २०२३-२४ ला ३४.७ पॉइंट. एमव्हीपी नाही. का? (सावंतवाडी)

उत्तर : मॅच ३९. त्या वर्षीपासून अशा बक्षिसांना कमीत कमी ६५ मॅचचा नियम आला. खेळला तेव्हा जबरदस्त, एका मॅचला ७० काढले, पण ज्या ४३ मॅचला तो सूटमध्ये बसला होता त्यांचा पण छेदात हिशोब येतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि आमच्या मुलींच्या टीममध्ये सेंटर खेळते. उंची ५ फूट ८. सर फक्त पॉइंट लिहितात आणि मी कमी पॉइंट काढते म्हणून मला बसवतात. हे सगळे आकडे आम्हाला काढता येतील का? आमच्याकडे कॅमेरा वगैरे काही नाही. (लांजा)

उत्तर : येतील, एक वही आणि बाकावर बसलेली एक मैत्रीण एवढंच लागतं. सरांशी वाद घालू नकोस, वही दाखव.

मैत्रिणीला फक्त तू कोर्टवर असताना रेघा मारायला सांग. तुझे शॉट, तुझे फ्री थ्रो, तुझे पॉइंट, तुझे टर्नओव्हर (शॉट न मारताच समोरच्यांना गेलेले बॉल). मग रिबाउंड, पण तुझे वेगळे आणि दोन्ही टीमचे मिळून सगळे वेगळे, नाहीतर टक्केवारी निघणार नाही. आणि एक रकाना माझ्याकडून, तुझ्या स्क्रीनमुळे, म्हणजे तू बचाव करणारीची वाट अडवून उभी राहिल्यामुळे, दुसरीला मोकळा शॉट मिळाला की एक टिंब, तो पडो न पडो. तुझ्या सरांना जे दिसत नाहीये ते बहुतेक याच रकान्यात आहे.

समजा एका मॅचला तू १२ शॉट, ४ फ्री थ्रो आणि ११ पॉइंट काढलेस, आणि दुसऱ्या मॅचला ६ शॉट, २ फ्री थ्रो आणि ९ पॉइंट. सरांच्या वहीत पहिली मॅच चांगली. वर चिपळूणवाल्याला सांगितलंय ते गणित कर, पहिलीचे ४० टक्के येतात आणि दुसरीचे ६५. पहिल्या मॅचला तू टीमचं डिझेल जाळलंस बाई, दुसऱ्या मॅचला सुरमई आणलीस. टीमचे एकूण पझेशन हवे असतील तर टीमच्या शॉटमधून टीमने आपल्याच हुकलेल्या शॉटवर परत मिळवलेले रिबाउंड वजा कर, टर्नओव्हर मिळव आणि फ्री थ्रोची ०.४४ पट मिळव. मॅच लहान असो मोठी असो, दर १०० पझेशनला आणलं की तुझी आणि दुसऱ्या सेंटरची तुलना सरळ होते, कारण ती २५ मिनिटं खेळते आणि तू ८, हेही सरांच्या लक्षात आणून द्यायला हवं, हळूच.

दोन मॅचवर काही ठरवू नकोस, निदान दहा होऊ देत, तालुका, जिल्हा, मधल्या सरावाच्या मॅच सगळ्या धर. पावसात तुमचं सिमेंटचं कोर्ट शेवाळाने निसरडं होत असेल, आमचं व्हायचं, त्या दिवसांच्या मॅचपुढे 'ओलं' असं लिहून ठेव, टर्नओव्हर दुप्पट होतात आणि त्यात तुझा दोष नसतो. आणि मैत्रिणीला साधं बॉलपेन दे. मी एका मोसमात जेलपेनने लिहायचो, सातव्या मॅचला पावसाची सर आली आणि माझ्या सगळ्या टक्केवाऱ्या निळ्या होऊन पानभर वाहून गेल्या.